सुताराच्या तोंडचा शब्द: 'मिओ' अ‍ॅपचा अनुभव

१८५५ च्या एदो (आजचं टोकियो) भूकंपानंतर निघालेली 'नामाझू-ए' ही मिशाळ माशाची चित्रं माझी फार आवडती. जमिनीखालचा हा मासा हलला की धरणी हलते अशी जुनी समजूत. तिच्या आडून चित्रकारांनी भल्याभल्यांना टोचलं, तेही स्वतःचं नाव न घालता, सरकारी परवानगी न घेता. पण खरी मेख माणसांच्या अवतीभवती कोंबलेल्या मजकुरात असते. तो कुंचल्यानं लिहून तसाच लाकडात कोरलेला. अक्षरात अक्षर ओवलेलं, शब्द कुठे तुटतो याचा पत्ता नाही. मोडी वाचणाऱ्यांना वेगळं सांगायला नको. त्यात १९०० साली शाळांसाठी एका उच्चाराला एकच 'काना' (जपानी उच्चारलिपीतलं) अक्षर ठरलं. त्याआधी 'का' लिहायच्याच कितीतरी तऱ्हा होत्या.

गेले काही महिने मी हा मजकूर वाचायला 'मिओ' हे फोनवरचं अ‍ॅप वापरतेय. २०२१ मध्ये आलेलं, मोफत. जुन्या ग्रंथांतल्या दहा लाखांहून जास्त अक्षरांवर शिकवलेलं. फोटो काढून बटण दाबलं की प्रत्येक अक्षर आजच्या वळणात मूळ अक्षरावरच दिसतं. होड्यांना वाट दाखवणाऱ्या पाण्यातल्या खुंटांवरून हे नाव घेतलंय, आणि ते मला अगदी पटतं.

एका चित्रात सुतार माशापुढे वाकलाय. त्याच्या तोंडाजवळचा शब्द मी दोन दिवस 'आरिउताइ' वाचत होते. अर्थ लागेना. अ‍ॅपनं तिसरं अक्षर 'का' दाखवलं. '可' या चिनी अक्षरापासून निघालेलं हे जुनं वळण हुबेहूब 'उ'सारखं दिसतं. तेव्हा 'का'चा 'गा' करणारे दोन फटकारे अनेकदा देतच नसत, ते आपण मनानं द्यायचे. झालं 'आरिगाताइ'! उपकार झाले! घरं पडली, सुतारांची चांदी झाली. सगळा टोमणा त्या एका अक्षरात होता.

अर्थ सांगणं हे या अ‍ॅपचं काम नाही, ते फक्त अक्षर सांगतं. त्यामुळे हिरागाना (रोजच्या वापरातली काना लिपी) आणि थोडी जुनी जपानी येत असेल तरच घ्या. छापील चित्रं-पुस्तकं हाच त्याचा खरा प्रांत. खाजगी पत्रं वाचायला घेऊ नका. आणि फोटो एका वेळी दोन-तीन ओळींचाच काढा, अख्ख्या चित्राचा नको.

त्याच चित्रात गवंड्याच्या डोक्यावरची शेवटची ओळ माझ्या पुस्तकाच्या घडीत गेलीय. उद्या सकाळच्या उजेडात पान नीट दाबून तिचा फोटो घेईन.