इतरांच्या वाक्यांची वही: आठ महिने वापरल्यानंतर

वस्तू साधी आहे. दोनशे पानी, एकरेघी, पुठ्ठ्याच्या कव्हरची वही. फेब्रुवारीत दादर स्टेशनबाहेरच्या एका दुकानातून घेतली. मी तिच्यात दुसऱ्यांची वाक्यं उतरवते. मला ॲनोरेक्सिया, म्हणजे वजन वाढण्याच्या भीतीने खाणं तोडायला लावणारा मानसिक आजार, आहे आणि उपचार चालू आहेत. ताटावर बसलं की डोक्यात जो नकार सुरू होतो, तो माझ्याच आवाजात बोलतो, त्यामुळे तो खरा वाटतो. त्याच्यासमोर ठेवायला मला दुसऱ्या कुणाचा तरी आवाज लागतो. म्हणून ही वही.

आधी एक गोष्ट स्पष्ट सांगते. मी बरी होतेय ती या वहीमुळे नाही. मानसोपचारतज्ज्ञ, समुपदेशक आणि आहारतज्ज्ञ अशा तिघीजणी माझ्याकडे बघतात. सुरुवातीला रक्तातलं पोटॅशियम, फॉस्फरस आणि ईसीजी बघितल्याशिवाय त्यांनी माझं जेवण वाढवलंसुद्धा नाही. फार दिवस उपाशी राहिलेल्या शरीराला एकदम भरपूर अन्न मिळालं, तर रक्तातला फॉस्फरस झपाट्याने उतरू शकतो आणि ते जिवावर बेतू शकतं. तिथे कुणाचंही वाक्य कामाला येत नाही. वहीच्या पहिल्या पानावर मी या तिघींच्या वेळा आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर, १४४१६, लिहून ठेवलाय. तो फुकट आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं. तुम्ही अशी वही करणार असाल तर पहिलं पान यासाठीच ठेवा.

पहिले दोन महिने मी वही चुकीची वापरली. फोनवर दिसणारी स्वतःवर प्रेम करा छापाची वाक्यं सुबक अक्षरात उतरवली. वाचायला छान होती, पण मुलुंडच्या स्वयंपाकघरात, समोर आमटीभात असताना, त्यातलं एकही आठवलं नाही. त्याहून वाईट म्हणजे मधली बारा पानं पाककृतींनी भरली. लोक किती प्रेमाने पदार्थांबद्दल लिहितात, तेही प्रेरणाच, असं मी स्वतःला सांगत होते. उकडीच्या मोदकांची तीन प्रकारची कृती माझ्याकडे होती आणि मी खात काहीच नव्हते.

समुपदेशकांनी ती पानं शांतपणे चाळली आणि मिनेसोटा विद्यापीठातल्या प्रयोगाबद्दल सांगितलं. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी, १९४४-४५ मध्ये, ३६ निरोगी तरुणांनी आपणहून सुमारे सहा महिने अर्धपोटी राहायचं कबूल केलं होतं. उपासमारीनंतर माणसांना पुन्हा कसं जेवू घालायचं हे शोधायचं होतं. त्या काळात त्यांचं मन सगळं अन्नातच अडकलं. काहीजण तर पाककृतींची पुस्तकं वाचू लागले, जमवू लागले. म्हणजे माझी ती बारा पानं माझ्या आवडीची नव्हती, भुकेने लिहून घेतली होती. हे ऐकून मी त्यांच्यासमोर खूप रडले. इतकी वर्षं मी त्याला माझा स्वभाव समजत होते. ती पानं फाडली नाहीत, स्टेपल करून बंद केलीत.

मग आहारतज्ज्ञांनी एक नियम घालून दिला: ताट वाढून झाल्यावरच वही उघडायची. आधी नाही. कारण वाचता वाचता जेवायची वेळ टळून जाते, हे त्यांनी ओळखलं होतं. एका जेवणाला एकच वाक्य. या नियमानंतर वही खऱ्या अर्थाने वापरात आली.

जी वाक्यं टिकली ती सगळी कामाची, रोजची आहेत. ऑफिसमधल्या एक ताई रोज एक वाजता माझ्या टेबलापाशी येतात. त्यांना माझ्या आजाराचं नाव माहीत नाही. त्या म्हणाल्या होत्या, "तू फक्त झाकण उघड, पुढचं पुढे." हे वाक्य मी सगळ्यात जास्त वेळा वापरलंय. त्यात जेव म्हटलेलं नाही, संपव म्हटलेलं नाही. झाकण उघडणं मला जमतं.

दुसरं वाक्य आमच्या उपचारगटातल्या एका मुलीचं: "भुकेला विचारायचं नाही, घड्याळाला विचारायचं." कुणाला हे कोरडं वाटेल. पण दीर्घ उपासमारीत जठर हळू रिकामं होतं, दोन घासांत पोट गच्च वाटतं, भुकेची खूण भरवशाची राहत नाही. म्हणूनच तीन जेवणं आणि मधली दोन-तीन खाणी ठरल्या वेळी घ्यायला सांगतात. मला हे नीट समजावून दिलेलं होतंच. तरी पोट भरलंय असं वाटत असताना घास उचलायला बळ दिलं ते तिच्या या वाक्याने.

गटातल्याच एका बाईंचं वाक्य मी जेवताना वाचत नाही, पण वहीत आहे. त्यांना बिंज इटिंगचा, म्हणजे ताबा सुटून एका वेळी खूप खाल्लं जाण्याचा, त्रास आहे. २०१३ पासून अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानसूचीत तो स्वतंत्र आजार म्हणून आहे. त्या म्हणाल्या, "मी जाड होते म्हणून मला कुणी आजारी समजलंच नाही. डाएट कर म्हणाले." मी बारीक असल्यामुळे निदान लोक घाबरले तरी, त्यांच्या वाट्याला तेही आलं नाही. हे मला विसरायचं नाही.

बोचणारी वाक्यंही लिहायची का, यावर मी बरेच दिवस अडले होते. वजन थोडं वाढल्यावर शेजारच्या काकू जिन्यात म्हणाल्या, "अगं, तब्येत सुधारली की!" मराठीत हे कौतुक आहे, पण माझ्या कानात ते दोन दिवस वाजत राहिलं. रात्रीचं जेवण चुकलं. शेवटी ते लिहिलं, आणि खाली समुपदेशकांनी विचारलेला प्रश्न लिहिला: "अंगावर मूठभर मांस चढलं, असं आपण कधी म्हणतो?" आनंद झाला की म्हणतो. कुणी शाबासकी दिली, अभिमान वाटला की म्हणतो. लहानपणापासून हा वाक्प्रचार वापरत आले आणि त्यातला मांस हा शब्द कधी ऐकलाच नव्हता. माझ्या आधी ही भाषा बोलणाऱ्यांना अंगावर मांस चढणं सुखाचं वाटत होतं, म्हणून त्यांनी आनंदाला ते रूप दिलं. काकूही तीच भाषा बोलत होत्या. आता ते पान मी उघडू शकते.

चातुर्मास सगळ्यात कठीण गेला. आषाढी, श्रावणी सोमवार, मग नवरात्र. उपासाच्या आडोशाला माझा आजार अनेक वर्षं सुखाने राहिला, आणि वर कौतुक व्हायचं, किती निष्ठेने करते म्हणून. यंदा डॉक्टरांनी सगळे उपास बंद केले. आजीला कसं सांगायचं, या काळजीने मी चार दिवस तिला टाळलं. तिने ऐकून घेतलं, थोडा वेळ गप्प बसली, आणि म्हणाली, "तुझे यंदाचे मी धरते. तू जेव." तारखेसकट लिहिलंय. त्या ओळीवर आमटीचा डाग आहे, कारण श्रावणातल्या पहिल्या सोमवारी वही ताटाशेजारी उघडी होती.

वही वस्तू म्हणून कशी आहे? कागद बरा. जेल पेन घेऊ नका. जुलैत कुर्ल्याला गाडी बदलताना पर्स भिजली आणि एप्रिलची सगळी वाक्यं निळी होऊन पसरली, बॉलपेनची राहिली. पाचव्या महिन्यात बांधणी सैल झाली, बाबांनी दाभणाने शिवून दिली. आकार थोडा लहान असता तर लेडीज डब्यात उभ्याने उघडता आली असती. आता घेतली तर प्लास्टिकच्या कव्हरची घेईन.

एक दोष वहीचा नाही, वापराचा आहे. वाक्यं जुनी होतात. जे वाक्य मे महिन्यात घास गिळायला पुरायचं ते ऑगस्टमध्ये नुसती अक्षरं झालं. आधी मी घाबरले, परत मागे चालले की काय असं वाटलं. समुपदेशक म्हणाल्या, त्याचं काम झालं असेल. काहींच्या बाबतीत ते खरं निघालं. दोन वाक्यांच्या बाबतीत मात्र मी खरंच मागे गेले होते, आणि ते वजनाच्या काट्यावर दिसलं. जेवणं पुन्हा आखावी लागली, आई महिनाभर रोज रात्री समोर बसली.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी आमच्या डब्यात बायकांनी झेंडूची तोरणं लावली, आरती केली, पेढे वाटले. नेहमी मी असा पेढा रुमालात ठेवून देते. त्या दिवशी गर्दीत एक हात दांडीला आणि एका हातात पेढा, पर्समधून वही काढायला हातच मोकळा नव्हता. पेढा खाल्ला. विक्रोळी गेलं, घाटकोपर आलं, आणि समोरच्या बाईंनी विचारलं, "अजून एक देऊ?"