कमोडपुढचं पाय ठेवायचं स्टूल : आठ महिने वापरून

दादरला स्टेशनबाहेरच्या प्लास्टिकच्या दुकानातून साडेतीनशेला घेतलं. उंची ७ इंच, मधे अर्धगोल कापलेलं, त्यामुळे कमोडला अगदी चिकटून बसतं.

माझं मोठं आतडं जन्मापासूनच लांब आहे. एरवी ते दीड मीटरच्या आसपास असतं. माझ्या बेरियम एक्स-रेत (आतडं उठून दिसावं म्हणून बेरियमचं पांढरं द्रव आत सोडून काढतात तो) डाव्या बाजूला दोन जादा वेटोळी दिसली. मल तिथे रेंगाळतो, आतडं त्यातलं पाणी शोषत राहतं आणि तो खड्यासारखा घट्ट होतो. चार-चार दिवस पोट साफ व्हायचं नाही. वीस वर्षं जो तो ‘पालेभाजी खा, पाणी पी’ एवढंच सांगत आला. तो एक्स-रे बघून मी दवाखान्यातच रडले. माझं काही चुकत नव्हतं!

स्टूलने आतडं आखूड होत नाही. डॉक्टरांनी दिलेली पावडर रात्री चालूच आहे. पण चाळीत उकिडवं बसायची सवय. मुलुंडच्या फ्लॅटमध्ये कमोड आला आणि त्रास वाढला. गुडघे वर आले की गुदद्वाराजवळचा स्नायू सैल पडतो, वाट सरळ होते. पूर्वी पाऊण तास कुंथत बसायचे, आता पंधरा मिनिटं. ८.०५ ची लोकल मिळते.

ओल्या लादीवर मात्र सरकतं. सायकलच्या जुन्या ट्यूबचे चार तुकडे कापून पायांखाली चिकटवले, तेव्हापासून हललेलं नाही. गुडघे दुखत असतील तर आधी बसून बघा, मगच घ्या.