जास्पर, चेल्सी स्प्रिग की डोल्टनचा जग? उठावाच्या नक्षीची जुनी इंग्लिश भांडी घेताना

वापरायचंय की काचेच्या कपाटात ठेवायचंय, ते आधी ठरवा, कारण बनवायची रीत तिन्हींची एकच आहे, फरक वापराचा. छोट्या साच्यात माती दाबायची, फूल-पान-माणूस अलगद सोडवायचं, पाण्याचा हात लावून कच्च्या भांड्यावर एकेक करून बसवायचं (हा चिकटवलेला तुकडा म्हणजे स्प्रिग), मग भट्टी.

वेजवुडचं जास्पर म्हणजे निळ्यावर पांढरी ग्रीक चित्रं. जोसाया वेजवुड या इंग्लिश कुंभाराने 1770च्या दशकात हजारो चाचण्या करून ही माती जमवली. चांगला जुना पीस उजेडात तिरका धरून बघा, कपड्याच्या चुण्या जिथे पातळ आहेत तिथून खालचा निळा हलका डोकावतो, मी तर बघतच बसते. पण बाहेरून ग्लेझ, म्हणजे काचेसारखा चकचकीत थर, नाही, त्यामुळे चहाचे डाग आणि तेलकट बोटं लगेच दिसतात, म्हणजे हे शोभेचंच. तळाशी 'इंग्लंड' असेल तर साधारण 1891 नंतरचं, 'मेड इन इंग्लंड' असेल तर बहुतेक विसाव्या शतकातलं, 'अठराव्या शतकातलं' म्हणून कोणी गळ्यात मारत असेल तर सोडून द्या.

चहा प्यायचा असेल तर चेल्सी स्प्रिग. पांढऱ्या चिनी मातीवर जांभळट निळी द्राक्षं नाहीतर थिसल या काटेरी झुडपाची फुलं, आणि सगळ्यावरून ग्लेझ, म्हणून धुवायला सोपं. चेल्सी हे नुसतं नाव, लंडनमधला चेल्सीचा कारखाना 1784 लाच बंद झाला, हे एकोणिसाव्या शतकातलं स्टॅफर्डशायर या इंग्लंडमधल्या कुंभारकामाच्या भागातलं काम, बहुतेकांवर कारखान्याचा मार्कही नसतो. एखादं पान थोडं तिरकं बसलेलं असतं आणि मला तेच फार आवडतं, कोणाचं तरी बोट तिथे टेकलं होतं ना! फक्त जुन्या ग्लेझमध्ये शिसं असू शकतं, म्हणून रोज नको, आणि लिंबाचा चहा तर अजिबात नको.

डोल्टन कंपनीचा लंडनच्या लॅम्बेथमधला तपकिरी जग (कानाचं ओतायचं भांडं) सगळ्यात दणकट. भट्टीत मीठ टाकून चढवलेली लकाकी, शिकारी कुत्रे, पवनचक्क्या, बिअर पिणारी मंडळी. 'रॉयल डोल्टन' लिहिलेलं असेल तर 1901 नंतरचा. पण याच्यासोबत कपबशा शोधायला जाऊ नका, जगच घ्या.

माझं मत चेल्सीला, दोन कपबशा घेऊन सुरुवात करा. ऑनलाइन घेताय तर आतल्या बाजूचा फोटो मागाच, नक्षी खरंच चिकटवलेली असेल तर आतून भिंत गुळगुळीत असते, आणि नक्षीच्या मागे आत खड्डे दिसले तर अख्खं भांडंच साच्यातून काढलंय, त्याला हे पैसे देऊ नका.