नागपुरी संत्र्याचे मार्मालेड: बाटलीवरचे नाव आणि आतली चव

नागपूरच्या धरमपेठेतील एका छोट्या गृहउद्योगाने यंदा आंबिया बहाराच्या संत्र्यांचे मार्मालेड बाजारात आणले आहे. बाटलीवर ‘मार्मालेड’ हे नाव ठळक छापले असल्यामुळे ते त्या नावाला जागते का, हे पाहणे भाग पडते. पंचाईत एवढीच की युरोपात या नावाचा अर्थ भाषेगणिक बदलतो.

मुळात या शब्दाचा संत्र्याशी संबंधच नव्हता. पोर्तुगीजमध्ये ‘मार्मेलो’ म्हणजे बिही (इंग्रजीत ‘क्विन्स’), जिच्या बिया आपल्याकडे काष्ठौषधींच्या दुकानात बिहीदाणा म्हणून मिळतात, आणि ‘मार्मेलादा’ म्हणजे तिचा गर साखरेत आटवून केलेली, सुरीने कापता येणारी घट्ट वडी. ‘मार्मेलो’चे मूळ लॅटिनमार्गे ग्रीक ‘मेलिमेलोन’पर्यंत, म्हणजे मधासारख्या गोड सफरचंदापर्यंत जाते. स्कॉटलंडची राणी मेरी आजारी पडली आणि त्यावरून (फ्रेंचमध्ये ‘मालाद’ म्हणजे आजारी) हे नाव रूढ झाले, ही कथा रंजक असली तरी खोटी आहे. जर्मन ‘मार्मेलाडे’, इटालियन ‘मार्मेल्लाता’ आणि स्पॅनिश ‘मेर्मेलादा’ यांना रोजच्या बोलण्यात कोणतेही फळ चालते. इंग्रजांनी मात्र हा शब्द लिंबूवर्गीय फळांपुरता, त्यातही मुख्यतः स्पेनमधील सेव्हिलच्या कडू संत्र्यापुरता आवळत नेला. १९७९ साली युरोपीय समुदायाच्या नियमाने विक्रीसाठी हाच अर्थ ठरवून टाकला, आणि जर्मनी व ऑस्ट्रियाला स्थानिक बाजारांपुरती सवलत मिळायला २००४ साल उजाडले.

इंग्रजी अर्थाने हे मार्मालेड उणे पडते. सेव्हिलच्या संत्र्याची साल जाड व कडू असते आणि त्यात पेक्टिन भरपूर असल्याने पाक चांगला आळतो. नागपुरी संत्र्याची साल सैल आणि पातळ. त्यामुळे सालीचे काप अगदीच मऊ पडले आहेत, कडवटपणा जेमतेम जाणवतो आणि पाक पोळीच्या कडेने ओघळतो. साखरेचा हातही सढळ आहे.

जर्मन अर्थाने मात्र हा माल उत्तम आहे. ताज्या रसाचा वास टिकून आहे, कृत्रिम रंग नसल्याचा लेबलवरचा दावा फिकट केशरी छटा पाहून पटतो, आणि किंमत साध्या जॅमपेक्षा जास्त असली तरी अवाजवी नाही. उत्पादकांनी पुढच्या घाण्यात थोडी ईडलिंबाची साल घालून पाहावी. बाटली उघडल्यावर ती फ्रिजमध्येच ठेवावी, कारण नागपूरच्या उन्हाळ्यात हा पाक बाहेर आणखीच पातळ होतो.