वेबकॅम चांगलाय, काळी स्क्रीन दिसली म्हणून लगेच परत करू नका

चार महिने वापरून मग लिहितेय. पहिल्या पंधरा दिवसांत लिहिलं असतं तर एकच स्टार दिला असता आणि ते चुकीचं ठरलं असतं, कारण दोन्ही वेळा दोष कॅमेऱ्यात नव्हताच. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाहीये, कारण हा त्रास कुठल्याही यूएसबी वेबकॅमला होऊ शकतो.

मी ऑनलाईन गणित शिकवते, त्यामुळे चेहऱ्यापेक्षा वहीवरचं लिहिलेलं नीट दिसणं महत्त्वाचं. पहिल्या दिवशी कॅमेरा लावला, विंडोजने तो टुंग करून ओळखला, पण मीटिंग सुरू केली तर नुसती काळी चौकट आणि कॅमेऱ्यावरचा छोटा पांढरा दिवाही बंद. आधी लेन्सवरचं सरकतं झाकण बघितलं, ते उघडंच होतं (हे आधी बघाच, झाकण आणि कॅमेरा दोन्ही काळे असले की पटकन कळत नाही). मग विंडोजचं स्वतःचं कॅमेरा अ‍ॅप उघडलं, आणि तिथे चित्र एकदम स्वच्छ! म्हणजे कॅमेरा, केबल, पोर्ट सगळं ठीक, घोळ परवानगीचा.

सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी, त्यात कॅमेरा असं गेलात की वर अ‍ॅप्सची यादी दिसते आणि पार खाली "लेट डेस्कटॉप अ‍ॅप्स अ‍ॅक्सेस युअर कॅमेरा" असं एक वेगळं बटण असतं. माझं तेच बंद होतं. विंडोजचं कॅमेरा अ‍ॅप वरच्या यादीत येतं म्हणून ते चाललं, आणि माझं मीटिंगचं सॉफ्टवेअर डेस्कटॉपवालं म्हणून अडकलं. बटण चालू केलं तरी परत एरर, दुसरं अ‍ॅप कॅमेरा वापरतंय म्हणे, तेव्हा लक्षात आलं की तपासायला उघडलेलं कॅमेरा अ‍ॅप मागे तसंच चालू राहिलंय, ते बंद केल्याबरोबर चित्र आलं. लॅपटॉपचाही कॅमेरा असेल तर मीटिंगच्या व्हिडिओ सेटिंगमध्ये कुठला निवडलाय तेही बघून घ्या.

दुसरा त्रास आठवडाभराने सुरू झाला आणि त्याने खरंच रडकुंडीला आणलं. तास सुरू होऊन वीसेक मिनिटं झाली की चित्र थिजायचं, मग यूएसबी काढल्यावर येतो तसा आवाज, दिवा बंद, आणि पोरं म्हणणार "मॅम तुम्ही दिसत नाही". डिव्हाइस मॅनेजरमध्ये (जोडलेल्या उपकरणांची विंडोजमधली यादी) कॅमेऱ्याच्या नावावर पिवळा त्रिकोण, कोड ४३. याचा अर्थ एवढाच की उपकरणाने अडचण कळवली म्हणून विंडोजने ते थांबवलं, अडचण कुठली ते त्यात नसतं. कंपनीच्या कस्टमर केअरने तीन वेळा एकच सांगितलं, ड्रायव्हर (उपकरण चालवणारं सॉफ्टवेअर) काढून परत टाका. अहो पण हा यूव्हीसी (यूएसबी कॅमेऱ्यांचं ठरलेलं मानक) कॅमेरा आहे, म्हणजे त्याचा ड्रायव्हर विंडोजमध्येच असतो, वेगळं काही टाकायचंच नसतं! तरी सांगितलं तसं केलं, एक तास चाललं, परत तेच.

शेवटी कारण सापडलं हबमध्ये. कॅमेरा मी चार पोर्टच्या साध्या हबला (एका यूएसबी पोर्टचे चार करणारी डबी) लावला होता, ज्याला वेगळा अ‍ॅडाप्टर नाही, आणि त्याच हबवर एक्स्टर्नल हार्ड डिस्क. यूएसबी २.० च्या पोर्टमधून साधारण ५०० मिलिअँपिअरच मिळतात, त्यात सगळ्यांनी भागवायचं. वर डेटाचीही गर्दी, १०८० पी चित्र सेकंदाला ३० फ्रेमने न दाबता पाठवायचं तर जवळपास १००० मेगाबिट लागतात आणि यूएसबी २.० ची कमाल ४८०, म्हणूनच कॅमेरा चित्र एमजेपेग या फॉरमॅटमध्ये दाबून पाठवतो, पण तरी वाट एकच. तास चालू असताना डिस्कवर बॅकअप सुरू झाला की कॅमेरा पडायचा, दोन दिवस वेळ लिहून ठेवली तेव्हा हे जुळलं. कॅमेरा थेट लॅपटॉपच्या पोर्टला लावला, आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये यूएसबी रूट हबच्या (हा लॅपटॉपच्या आतला, माझा बाहेरचा हब नव्हे) पॉवर मॅनेजमेंटमधली वीज वाचवण्यासाठी उपकरण बंद करू देणारी टिक काढून टाकली. तेव्हापासून एकदाही बंद पडलेला नाही, सलग तीन तास शिकवलंय.

आता कॅमेऱ्याबद्दल. दिवसा चित्र फारच छान, वहीतला वर्गमूळाच्या चिन्हाखालचा बारीक आकडासुद्धा मुलांना वाचता येतो आणि मला याच्यासाठीच तो हवा होता. संध्याकाळी ट्यूबलाइटखाली चित्रात पट्टे सरकायचे, अ‍ँटी फ्लिकर ५० हर्ट्झवर, म्हणजे आपल्याकडच्या विजेच्या फ्रीक्वेन्सीवर, ठेवल्यावर ते गेले. माईक कामापुरता. ऑटोफोकस मात्र हात हलला की शोधाशोध करत बसतो, म्हणून मी मॅन्युअल ठेवलाय.

कॅमेऱ्याला चार स्टार, आणि सोबतच्या कागदाला एकही नाही, कारण त्यावर "थेट पोर्टला लावा, हबला नको" एवढी एक ओळ असती तर माझे पंधरा दिवस आणि मुलांचे चार तास वाचले असते. केबल दीड मीटरच आहे, सीपीयू टेबलाखाली ठेवत असाल तर मागच्या पोर्टपर्यंत पोचते का ते घेण्याआधी मोजून बघा.