ट्रेलो: लहान टीमला कानबान बोर्ड म्हणून कितपत पुरतं?

ट्रेलो म्हणजे कामांची कार्डं एका यादीतून दुसरीत सरकवायचं ऑनलाइन साधन. २०१७ पासून अ‍ॅटलासियन या सॉफ्टवेअर कंपनीकडे असलेलं हे साधन पाच-सहा जणांच्या प्रॉडक्ट टीमला फुकट योजनेतही पुरतं. याद्या पाचच ठेवा: बॅकलॉग (पुढे करायची कामं), तयार, काम चालू, तपासणी, झालं.

खरी मेख 'काम चालू'मध्ये आहे. कानबान म्हणजे कामं बोर्डावर मांडून टप्प्याटप्प्याने पुढे नेण्याची पद्धत. तिचा जीव हातातल्या कामांच्या मर्यादेत असतो, आणि ट्रेलो ती पाळायला लावत नाही. 'लिस्ट लिमिट्स' हे पॉवर-अप (ट्रेलोत वरून जोडायची सोय) जोडून सहा जणांना चार असा आकडा टाकला, तरी पाचव्या कार्डाला यादीचा फक्त रंग बदलतो. कार्ड अडत नाही. मग तिथे डझनभर कार्डं साचतात, कारण अडकलेलं काम सोडवण्यापेक्षा नवं उचलणं सोपं! रोज पंधरा मिनिटं बोर्ड उजवीकडून डावीकडे वाचा, आधी 'तपासणी' रिकामी करा. 'कार्ड एजिंग' लावलं की न हललेली कार्डं फिकी पडत जातात. हे मात्र झकास.

सायकल टाइमचा, म्हणजे काम सुरू झाल्यापासून संपेपर्यंतच्या वेळाचा, आलेख आयता मिळत नाही. सुरू आणि संपल्याच्या तारखा स्प्रेडशीटमध्ये उतरवाव्या लागतात. हार्डवेअरवाल्यांनी बाहेरून येणाऱ्या पीसीबी (सर्किट बोर्ड), साच्यांसाठी 'वाट पाहतोय' अशी सहावी यादी करावी, नाहीतर चारचा आकडा दुसऱ्याच दिवशी मोडतो.