वॉलपेपर काढायचा स्टीमर: आठ महिने वापरल्यावर

नागपूरच्या मनीषनगरातल्या आमच्या फ्लॅटमध्ये ९ वर्षांपूर्वी मोठ्या हौसेने वॉलपेपर लावला होता. कूलरच्या खिडकीजवळचा कागद दुसऱ्याच उन्हाळ्यात फुगला आणि मग दरवर्षी वीतभर पुढे सरकत गेला. यंदा मार्चमध्ये पेंटरला बोलावलं, तर तो म्हणे, "ताई, काढता काऊन? वरतूनच पुट्टी मारून देतो ना." ओली पुट्टी लागली की कागद ते पाणी पिऊन फुगणार, हे कूलरने आम्हाला आधीच शिकवलं होतं. त्याला चहा पाजून पाठवलं आणि ऑनलाइन स्टीमर मागवला.

४ लिटरची टाकी, २००० वॅट, लांब नळी आणि टोकाला चपटी थाळी. थाळी भिंतीला टेकवायची, कागदामागची खळ वाफेने मऊ पडते, मग पुट्टीच्या पट्टीने खरवडायचं. पहिल्या दिवशी साध्या एक्स्टेंशनवर लावला आणि प्लग तापून वास सुटला. २००० वॅट म्हणजे जवळपास ९ अँपिअर, ६ अँपिअरच्या सॉकेटचं ते कामच नाही. गीझरच्या १६ अँपिअर पॉइंटवर लावल्यावर मुकाट चालला. स्विचबोर्डाजवळ काम असेल तर मात्र वाफ नकोच. मेन स्विच बंद करून ओल्या फडक्याने कागद भिजवायचा.

आता खरी गोष्ट. आमचा कागद व्हिनाइलचा होता, त्यातून वाफ आत जातच नाही. त्यासाठी सोबत एक काटेरी चाक येतं, कागदाला भोकं पाडायला. मी ते उत्साहाने दाबून फिरवलं आणि हॉलच्या भिंतीच्या पुट्टीवर देवी आल्यासारखे व्रण पडले. पुढे कळलं की वरचा प्लास्टिकचा थर कोरडाच निघतो: कोपरा नखाने उचलायचा आणि भिंतीलगत खाली हळूहळू ओढायचा. मागे राहतो तो पातळ पांढरा कागद, आणि तो तर नुसत्या कोमट पाण्यानेही सुटतो. झाडांना औषध मारायचा २ लिटरचा हातपंप घरात होता, तीनपैकी दोन खोल्या त्याच्यावरच झाल्या. म्हणजे साडेपाच हजारांचं मशीन कोपऱ्यात आणि पंप कामावर.

एक अडचण नागपुरी आहे. एप्रिलच्या कोरड्या हवेत भिंत भिजवून पट्टी हातात घेईपर्यंत ती वाळलेली! शेवटी खिडक्या लावून घेतल्या, कूलर खोलीच्या आत ओढून चालू केला आणि भिजवलेल्या भागावर प्लास्टिक चिकटवलं. ज्या दमट हवेने कागद खराब केला, तिनेच तो काढून दिला. पंधरा मिनिटं थांबलं की कागद लांबच लांब पट्ट्यांनी यायचा.

स्टीमर कामी आला तो जुन्या बेडरूममध्ये, जिथे कोणीतरी एकावर एक दोन कागद लावले होते. तिथे त्याला तोड नाही. पण थाळी एका जागी दहा-बारा सेकंदांच्या वर ठेवू नका. मी दोन ठिकाणी फोन घ्यायच्या नादात ठेवली. तेव्हा काही दिसलं नाही. जुलैत झड लागली आणि नेमक्या त्याच दोन जागी पुट्टी पापडासारखी सुटून आली.

दुसरी चूकही पावसाळ्यानेच दाखवली. कागद निघाला म्हणजे खळ निघाली असं नाही. ओला हात फिरवला तर भिंत बुळबुळीत लागते. मुलीने शाळेतला प्रयोग आठवून टिंक्चर आयोडीनचा थेंब टाकला: जिथे खळ होती तिथे निळाकाळा डाग. (खळ स्टार्चची असेल तरच हे जमतं.) मग स्पंज आणि गरम पाण्याने तीन-तीनदा धुतलं आणि चार दिवस वाळू दिलं. हॉल घाईत न धुता रंगवला होता, तिथे ऑगस्टपासून रंगाचे पोपडे निघताहेत.

मुलीच्या खोलीतल्या चिकटणाऱ्या स्टिकर-वॉलपेपरवर स्टीमर वाया गेला. कागद आला, डिंक भिंतीवरच राहिला. तिथे हेअर ड्रायर बरा. उरलेल्या डिंकाला निलगिरी तेल, आणि त्यानंतर साबणाचं पाणी, नाहीतर रंग धरत नाही.

टाकीत बोअरचं पाणी घालू नका. आम्ही महिनाभर घातलं, तर तळाला क्षार जमून वाफ अर्ध्यावर आली. सायट्रिक ॲसिड घालून उकळल्यावर सुधारलं, आता नळाचंच पाणी वापरतो.

एका खोलीसाठी विकत घेऊ नका, कोणाकडून मिळाला तर बघा. आमचा सध्या भावाकडे, नागपुरातल्याच महाल भागात गेलाय. तिथल्या भिंती जुन्या चुन्याच्या आहेत, म्हणून वहिनीला आधी कपाटामागच्या हातभर जागेवर करून पाहायला सांगितलंय. पंपही सोबत दिला आहे.